अकस्मात म्हणे!

‘मैलाटाकीत गुदमरून तिघांचा मृत्यू.’ अशी बातमी आतल्या पानावर येते, पोलिस ठाण्यात ‘अकस्मात मृत्यू’ अशी नोंद होते आणि विषय संपतो. ही मुस्कटदाबी आहे, असं कुणी म्हटलं की शब्दांच्या शुचितेची काळजी वाहणारे लगेच हरकत घेतात. गुदमरणं शरीराचं, मुस्कटदाबी राजकारणातली; एकात वायू लागतो, दुसरीत सत्ता. दोन्हींची सरमिसळ हा म्हणे चळवळवाल्यांचा अलंकार.

हरकत ऐकायला चोख आहे. पण टाकीत काय होतं ते पाहा. कुजणाऱ्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. तो हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी साचतो. आधी सडक्या अंड्याचा वास येतो. प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि माणसाला वाटतं, वास गेला. पुढे काही श्वासांत शुद्ध हरपते. त्याला काढायला दुसरा उतरतो, त्याच्यामागून तिसरा. मथळ्यातला तीनचा आकडा बहुधा असाच तयार होतो. यातलं काहीच गूढ नाही. वायू मोजायची यंत्रं बाजारात मिळतात आणि संरक्षक साधनांविना गटारात उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. जे घडणार हे आधीपासून ठाऊक असतं, ते अकस्मात कसं?

‘तो आपणहून उतरला’ हा दुसरा बचाव. रोजंदारीवर आलेला, कुठल्याच हजेरीपटावर नाव नसलेला, आणि ज्याच्या जातीला हेच काम पिढ्यान्‌पिढ्या नेमून दिलेलं, तो ठेकेदाराला ‘नाही’ म्हणाला तर उद्या त्याला कोण बोलावणार? त्याचं तोंड झाकण उघडण्याआधीच बंद झालेलं असतं. श्वास नंतर जातो. ‘प्यायलेला होता’ हेही हमखास ऐकू येतं. त्या वासात शुद्धीवर राहून उतरून दाखवा, मग बोला.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ चित्रपटात हे दोन्ही अर्थ एकाच खटल्यात उभे राहतात. मॅनहोलमध्ये कामगार मरतो आणि आरोपी ठरतो लोकशाहीर नारायण कांबळे. का, तर त्याच्या गाण्याने म्हणे त्या कामगाराला आत्महत्येला प्रवृत्त केलं. वायूची चौकशी नाही, गाण्याची आहे! वीरा साथीदार यांनी तो शाहीर असा निर्विकार उभा केला की संताप प्रेक्षकालाच करावा लागतो.

पडद्याबाहेरचं उदाहरण गोवंडीचं. डिसेंबर २०१९ मध्ये तिथल्या एका गृहनिर्माण सोसायटीची टाकी साफ करताना तीन कामगार गेले. त्यांच्या विधवा उच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा २०२१ मध्ये आदेश झाला: सरकारने प्रत्येकीला दहा लाख द्यावेत आणि जबाबदार असतील त्यांच्याकडून वसूल करावेत. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातल्या मृत्यूची भरपाई तीस लाखांवर नेली. रक्कम वाढली हे बरंच झालं. पण ती मिळते मेल्यावर. उतरायला नकार देणाऱ्याचा बुडालेला रोज कोण भरून देणार, याची तरतूद कुठे दिसत नाही.

आणि वृत्तपत्रांनी तेवढं करावं: ‘गुदमरून मृत्यू’ छापताना टाकी कुणाची होती, ठेका कुणाचा होता आणि खाली उतर असं कोण म्हणालं, तेही त्याच मथळ्याखाली छापावं.