कलौंजीची बाटली आणि घशातली गाठ

जळगाव-धुळ्याकडे आपल्या घरांत कलौंजीला मान आहे. तिच्यात शिफा असल्याचे हदीसमध्ये आले आहे, आणि तो आमचा विश्वास आहे. तिच्यातील थायमोक्विनोन या द्रव्याने कॅन्सरच्या पेशी, घशाच्यासुद्धा, मरतात असे प्रयोगशाळेत दिसले आहे. पण त्या काचेच्या बशीतल्या पेशी. प्यालेल्या तेलाने माणसाच्या घशातली गाठ विरते, हे त्यातून सिद्ध होत नाही. अंगणातल्या सदाफुलीतून व्हिन्क्रिस्टिन हे कॅन्सरचे औषध मिळाले. तेही शुद्ध करून, मात्रा ठरवून, रुग्णांवर तपासल्यावरच. सदाफुलीचा काढा म्हणजे ते औषध नव्हे.

म्हणून आवाज 3 आठवड्यांहून जास्त बसलेला असेल, घास अडत असेल, मानेला गाठ लागत असेल, तर तेलावर दिवस काढू नका. जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात दाखवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचारही येतात. रेशनकार्ड, आधारकार्ड सोबत न्या.

इलाज करा, हीसुद्धा प्रेषितांची (स.) शिकवण आहे. कलौंजी जेवणात खुशाल असू द्या. गुटखा, तंबाखू, विडी मात्र आजच घराबाहेर काढू या.