गोठ्यातील वर्दी दवाखान्यापर्यंत

लेप्टोस्पायरोसिस हा मुंबईचा आणि कोकणाचा आजार, असा समज आपल्या मराठवाड्यात दृढ झाला आहे; आणि २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळल्यानंतर मुंबईत या तापाची जी साथ उसळली, तिने तो अधिकच पक्का केला. परंतु ज्या जंतूचे बिऱ्हाड उंदराच्या, गाईच्या आणि कुत्र्याच्या मूत्रपिंडात असते, आणि जो मूत्रावाटे बाहेर पडून ओल्या मातीत आठवडेच्या आठवडे तग धरतो, त्याला गंगाखेड-पाथरीकडची उसाची ओली सरी किंवा गोठ्यातला चिखल वर्ज्य असण्याचे काहीच कारण नाही.

या जंतूचे अडीचशेहून अधिक प्रकार ज्ञात आहेत, आणि एका प्रकाराशी झुंजताना रक्तात निर्माण झालेली प्रतिद्रव्ये दुसऱ्यापुढे बहुधा निष्प्रभ ठरतात. म्हणून ताप एकदा येऊन गेला, एवढ्यावर सालगड्याने निर्धास्त राहू नये, आणि कुत्र्याला दरवर्षी टोचावी लागणारी लसही तिच्यात समाविष्ट असलेल्या प्रकारांपुरतीच राखण करते. त्याहून चिंतेची बाब ही की, रक्तातून हटलेला जंतू मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांत दडून राहतो, आणि वरकरणी धडधाकट दिसणारी, वैरण खाणारी, दूध देणारी गाय महिनोन् महिने तो गोठ्यात सांडत असते. माणसांसाठीची लस आपल्याकडे सार्वजनिक वापरात नाही.

याच जंतूमुळे गाय गाभडली तरी घरधनी दैवाला बोल लावतो, घरची बाई उघड्या हातांनी वार उचलून उकिरड्यावर टाकते आणि भेगाळल्या पायांनी तोच चिखल तुडवीत पुढच्या कामाला लागते. पंधरवड्यात तिला ताप भरला, पोटऱ्या ठणकू लागल्या, डोळे लाल झाले, तर तो पावसाळी ताप ठरतो. वेळेवर डॉक्सिसायक्लिन वा पेनिसिलिन मिळाले तर जो रोग आटोपतो, तो कावीळ आणि मूत्रपिंडापर्यंत जाऊन पोहोचतो, आणि गोठ्यातील घटनेची व या तापाची गाठ कोणत्याही दप्तरात पडत नाही.

परभणी शहरात पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. जिल्हा प्रशासनाने एवढी तजवीज करावी की, गाभडलेल्या जनावराची वर्दी पशुवैद्यकीय दवाखान्यातून त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला जाईल, जनावराच्या रक्ताची तपासणी होईल आणि त्या घरातील तापाकडे या संशयाने पाहिले जाईल. आणि शेतकरी बंधुभगिनींनो, तोवर वार उचलताना हातमोजे घाला, ती खोल पुरा, आणि पायाला जखम असेल तर गमबूट घातल्यावाचून चिखलात उतरू नका.