महाराजांनी जपलेले हात

आमच्या सेक्टर 10 च्या क्वार्टरमध्ये दिवेलागणीला पेटी वाजायची. मामंजी 1962 साली भिलाईच्या कारखान्यात लागले आणि निवृत्तीनंतर हेच क्वार्टर लीजवर घेऊन इथंच राहिले. पहिली पाळी करून आले की चहा आणि चहानंतर पेटी, हा त्यांचा नेम. आता त्यांचं वय 84. बोटं आखडली आहेत. पेटीवर कापड घातलंय, ते महिनोन्महिने निघत नाही.

गेल्या गणपतीत नातू म्हणाला, "आजोबा, वाजवा ना. मी मोबाइलवर रेकॉर्ड करतो." मामंजींनी हात झटकले. "चांगलं वाजवत होतो तेव्हा करायचं होतं. आता काय उरलंय?"

मी काही बोलले नाही. पण त्या दिवसांत मी ज्या जुन्या रेकॉर्डी ऐकत होते, त्यांची गोष्ट एका संध्याकाळी त्यांना सांगितली.

निकोलाय मेट्नर हे नाव आपल्याकडे फारसं कुणाच्या कानावरून गेलेलं नसतं. जन्म 1880 चा, मॉस्कोचा. रॅखमनिनॉव्हचा जिवलग मित्र. दोघांनी आपापला एकेक पियानो कन्चेर्तो एकमेकांना अर्पण केलाय. मेट्नरनं जन्मभर मुख्यतः पियानोसाठीच लिहिलं. त्यात 14 सोनाटा आहेत आणि 'गोष्टी' असं नाव दिलेल्या तीसहून जास्त छोट्या रचना. वाजवायला हे सगळं महाकठीण, कारण दोन हातांत एकाच वेळी तीन-चार सुरावटी सांभाळाव्या लागतात. पण भोवतालचे संगीतकार नव्या वाटा धरत होते आणि हा गृहस्थ जुन्या रोमँटिक वळणालाच धरून राहिला. त्यामुळे मागे पडला. 1921 मध्ये त्यानं रशिया सोडला. जर्मनी, फ्रान्स करत तो लंडनला स्थिरावला. दुसऱ्या महायुद्धात जर्मन प्रकाशकांकडून येणारे पैसे थांबले, हृदयविकारही जडला.

अशा वेळी त्याला हात दिला तो म्हैसूरच्या महाराजांनी! जयचामराजेंद्र वाडियार तेव्हा ऐन पंचविशीतले. पाश्चात्त्य संगीताचं रीतसर शिक्षण घेतलेले आणि पियानोचे वेडे. पुढे याच राजानं कर्नाटक संगीतात 94 कृती रचल्या. मेट्नरचं संगीत खुद्द मेट्नरच्याच हातून ध्वनिमुद्रित व्हावं, म्हणून त्यांनी पैसा पुरवला. एच.एम.व्ही.साठी 1947 पासून काम सुरू झालं. तेव्हा मेट्नर 67 वर्षांचा होता.

रेकॉर्डच्या एका बाजूवर जेमतेम साडेचार मिनिटं मावत. टेपची सोय नव्हती, म्हणून चूक कापून टाकता येत नसे. अख्खी बाजू पुन्हा वाजवायची! दुखऱ्या छातीच्या माणसानं तिन्ही कन्चेर्तो असे तुकड्यातुकड्यांनी वाजवले, शिवाय कितीतरी छोट्या रचना आणि गाण्यांची साथ. सगळं काम पुरं झालं नाहीच. 1951 च्या नोव्हेंबरात मेट्नर गेला. तिसरा कन्चेर्तो त्यानं या महाराजांनाच अर्पण केला आहे.

पुढे मेट्नरला चांगले वादक मिळाले. मॉस्कोत त्याचे समग्र खंड निघाले, गिलेल्सनं त्याची सोनाटा मैफलीत वाजवली. 1998 मध्ये मार्क-आंद्रे हॅमलिननं वाजवलेल्या सगळ्या 14 सोनाटा बाजारात आल्या. हॅमलिनचं वादन स्वच्छ, आवाज लख्ख. मेट्नरच्या स्वतःच्या रेकॉर्डींवर मात्र खरखर आहे. तरीही एखादी ओळ त्याला कुठे सावकाश हवी होती आणि कुठे श्वास घ्यायचा होता, हे त्या खरखरीतूनच कळतं. ते कुठल्याही छापील खंडात लिहिलेलं नाही.

मामंजींनी सगळं ऐकून घेतलं. कारखान्यात त्यांनी रशियन इंजिनिअरांच्या हाताखाली काम शिकलेलं, त्यामुळे रशियन माणूस म्हटला की त्यांचे कान टवकारतात. एवढंच विचारलं, "पण त्या राजाला त्यातून काय मिळालं?"

"त्याला ते संगीत आवडत होतं, मामंजी."

ते गप्प बसले. दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर त्यांनी स्वतःच पेटीवरचं कापड काढलं. नातवानं मोबाइल उशीला टेकवून ठेवला. मामंजींनी भूप धरला. दोनदा बोट अडखळलं आणि मध्येच माझ्या कुकरनं शिट्टी दिली. नातू म्हणाला, "आजोबा, पुन्हा घेऊ या का?"

"राहू दे," ते म्हणाले. "असंच वाजतं आता."

चार मिनिटांचं ते वादन आता मुंबईच्या नणंदेकडे आहे, पुण्याच्या पुतण्याकडेही आहे. नणंद फोनवर म्हणाली, "वहिनी, कुकरची शिट्टी काढू नका हं. आपलं घर ऐकू येतं त्यात."

तुमच्याही घरात कापड घातलेली एखादी पेटी असेल, किंवा ओव्या येणारी एखादी आजी. आता त्यासाठी महाराजा लागत नाही. कुणीतरी आग्रह मात्र धरायला हवा.