नंबर नऊ आकाशातून पडत नाही

भारतीय फुटबॉलने गोल करण्याचं काम आउटसोर्स केलंय. सॉफ्टवेअरमध्ये पोट भरत असल्यामुळे आउटसोर्सिंग मला जवळून माहीत आहे. ज्याला काम दिलं तो वाईट नसतो, उलट चोख करून देतो. पण ज्याने काम बाहेर दिलं, त्याला काही वर्षांनी ते काम येईनासं होतं.

इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये सुरू झाली. २०२४-२५ पर्यंत अकरा हंगाम झाले. एकाही हंगामात सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट भारतीय खेळाडूला मिळाला नाही. २०२३-२४ मध्ये तो मिळाला दिमित्रिओस दियामांताकोस या ग्रीक स्ट्रायकरला, केरळा ब्लास्टर्सकडून १३ गोल करून. पुढच्या हंगामात मोरोक्कोच्या अलाएद्दीन अजराईने नॉर्थईस्ट युनायटेडकडून २३ गोल केले. त्याच हंगामात भारतीयांमध्ये सगळ्यात जास्त, १४ गोल कुणी केले? सुनील छेत्रीने, वयाच्या चाळिसाव्या वर्षी. २०२४ मध्ये राष्ट्रीय संघातून निवृत्त झालेल्या या माणसाला मार्च २०२५ मध्ये परत बोलवावं लागलं. टाळ्या जरूर वाजवा, पण दीडशे कोटींच्या देशाला निवृत्त माणसाच्या घरी जाऊन ‘दादा, तेवढा एक गोल करून द्या’ म्हणावं लागतं, यात छेत्रीचं मोठेपण जितकं आहे तितकीच आपली नामुष्की आहे.

यावर व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन ठरलेली उत्तरं येतात. आपल्यात जीन्सच नाहीत. क्रिकेटने सगळं खाल्लं. परदेशी खेळाडूंवर बंदी घाला. माझं म्हणणं आहे की तिन्ही उत्तरं आळशी आहेत.

आधी जीन्स. ग्रीसची लोकसंख्या साधारण एक कोटी. २०११ च्या जनगणनेत एकट्या मराठवाड्याची पावणेदोन कोटींच्या वर होती. हा ग्रीस १९९४ च्या वर्ल्डकपला गेला, तिन्ही सामने हरला, दहा गोल खाल्ले आणि एकही केला नाही. बरोबर दहा वर्षांनी, ४ जुलै २००४ ला, लिस्बनमध्ये युरोच्या फायनलला ५७ व्या मिनिटाला कॉर्नरवर अँगेलोस खारिस्तेआसने हेडर मारला आणि यजमान पोर्तुगालला १-० ने हरवून ग्रीस युरोपचा विजेता झाला. दहा वर्षांत एखाद्या देशाचे जीन्स बदलत नाहीत.

ग्रीसपर्यंत जायचीही गरज नाही. १ डिसेंबर १९५६, मेलबर्न ऑलिम्पिक. भारत विरुद्ध यजमान ऑस्ट्रेलिया. नेव्हिल डिसूझाने नवव्या, तेहतिसाव्या आणि पन्नासाव्या मिनिटाला गोल केले. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा तो पहिला आशियाई. भारत ४-२ ने जिंकला आणि सेमीफायनलला पोचला. तिथे युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्याचाच होता, मग चार खाऊन आपण हरलो. स्पर्धा संपली तेव्हा सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांत, चार गोलांसह, नेव्हिल होता. गोव्याच्या मुळाचा हा पोरगा मुंबईत टाटांच्या संघाकडून खेळायचा. हे जीन्स कुठून आले होते?

आता या गोष्टीचं आपण काय करतो तेही सांगतो. डिसेंबर आला की मेलबर्नचा काळा-पांढरा फोटो फिरतो, खाली तिरंगा, ‘गौरवशाली इतिहास’, आणि विषय संपला. २०२४ मध्ये ‘मैदान’ सिनेमा आला तेव्हा कोच सय्यद अब्दुल रहीम यांचं नाव चार दिवस सगळ्यांच्या स्टेटसला होतं. त्या स्टेटसने एकही फुटबॉल सामना भरवला गेला नाही. शिवाय अर्धाच इतिहास सांगितला जातो. हंगेरीने माघार घेतल्यामुळे आपली पहिली फेरी न खेळताच पार झाली होती, आणि ब्राँझच्या सामन्यात बल्गेरियाने आपल्याला ३-० ने हरवलं. चमत्कार झाला नव्हता. एक बऱ्यापैकी चांगला संघ होता आणि त्यात एक खरा नंबर नऊ होता. महत्त्वाचा प्रश्न हा की तो नंबर नऊ आला कुठून?

तो सामन्यांतून आला. मुंबईत तेव्हा हार्वुड लीग चालायची, कंपन्यांचे संघ एकमेकांशी ईर्षेने खेळायचे. १८९१ पासून रोव्हर्स कप होता, त्यासाठी देशभरातले तगडे संघ कूपरेजवर उतरायचे. १९५० ते ५४ सलग पाच वर्षं तो कप हैदराबाद सिटी पोलीसने नेला, आणि त्या संघाचे कोच होते हेच रहीम. म्हणजे मुंबईच्या स्ट्रायकरला घरच्या मैदानावर दर हंगामात देशातले सगळ्यात कडक बचावपटू भेटत होते. मेलबर्नच्या आधी त्याची परीक्षा इथेच पुन्हा पुन्हा झाली होती.

हैदराबादचं नाव माझ्या गावासाठी लांबचं नाही. धर्माबाद नांदेड जिल्ह्याच्या टोकाला आहे. पुढचं मोठं स्टेशन बासर, ते तेलंगणात. अर्धा बाजार तेलुगूत चालतो. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याचे तुकडे झाले, मराठवाडा मुंबई राज्यात आला, बासर तिकडे गेलं. बरोबर एका महिन्याने हैदराबादच्या कोचच्या हाताखाली मुंबईच्या पोराने हॅट्‌ट्रिक केली. म्हणजे आम्ही ज्या राज्यातून निघालो ते फुटबॉलचं, ज्या राज्यात आलो तेही फुटबॉलचं. आमच्या वाट्याला मात्र दोन्हीकडचा फुटबॉल आला नाही. कारण लीग शहरात होती, आणि शहरातच राहिली.

लीग असेल तिथे स्ट्रायकर तयार होतो, एवढंच माझं म्हणणं आहे. पुरावा महाराष्ट्रातच आहे: कोल्हापूर. पाटाकडील तालीम, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. पेठापेठांचे संघ शाहू स्टेडियमवर लीग खेळतात आणि लोक घरचं लग्न असल्यासारखे जातात. हुल्लडबाजीही होते, ते नाकारत नाही. पण २०१७ च्या १७ वर्षांखालील वर्ल्डकपमध्ये भारताच्या आक्रमणात खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा आहे, रिक्षाचालकाचा मुलगा. कोल्हापूरचं पाणी नांदेडपेक्षा वेगळं नाही. तिथल्या पोराला लहानपणापासून खरा सामना, खरी गर्दी आणि हरल्यावर पेठेत होणारी खरी चेष्टा बघायला मिळते. आमच्या पोराला मोबाईलवर रात्री दीडला चॅम्पियन्स लीग बघायला मिळते.

आमच्याकडे काय आहे? शालेय स्पर्धा. तालुका, जिल्हा, विभाग. आणि त्या बाद पद्धतीच्या. साधं गणित करा. १६ संघांची बाद स्पर्धा म्हणजे एकूण १५ सामने. त्यात आठ संघ एक सामना खेळून घरी जातात. सरासरी काढली तर एका संघाला दोन सामनेही येत नाहीत. एक पेनल्टी हुकली की वर्ष संपलं. जो जिंकतो त्याचंही ध्येय बहुतेकदा वरची फेरी नसतं, प्रमाणपत्र असतं. दहावी-बारावीचे वाढीव गुण, नोकरीतला पाच टक्के खेळाडू कोटा. पोरांचं चुकत नाही, व्यवस्था जे मागते ते ती देतात. पण ज्या खेळाचं फळ कागद असतं, त्यात कागद मिळाल्यावर खेळ थांबतो.

स्ट्रायकरला हे जास्त मारतं, कारण त्याचं काम सरावात शिकता येत नाही. बचावपटूच्या पाठीमागून नेमकं कधी निघायचं, क्रॉस येण्याआधी एक पाऊल उलटं टाकून त्याला कसं फसवायचं, ऑफसाइडच्या रेषेवर किती रेंगाळायचं, हे कोन लावलेल्या मैदानावर येत नाही. त्यासाठी समोर तुम्हाला अडवायचंच ठरवून आलेला माणूस लागतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे चार सामने गोल झाला नाही तरी पाचव्या सामन्यात पुन्हा शॉट मारायची हिंमत. वर्षाला दोनच सामने असतील तर पाचवा सामना येईपर्यंत पोरगा बारावी पास होऊन पुण्याला गेलेला असतो.

आता दियामांताकोसकडे परत या. तो ग्रीसच्या मोठ्या संघाकडून मोजकेच सामने खेळला. युरोपच्या हिशेबात मधल्या फळीतला माणूस. पण त्याचा रस्ता बघा. ऑलिंपियाकोसमध्ये वाढला. तिथे जागा नव्हती तर क्लबने त्याला बेंचवर सडवलं नाही, पानिओनिओस, आरिस, एर्गोतेलिस अशा ग्रीक क्लबांकडे लोनवर पाठवलं. १९ वर्षांखालील ग्रीक संघाबरोबर २०१२ ची युरो फायनल गाठली. मग जर्मनीत कार्ल्सरूह, बोखुम, सेंट पाउली, पुढे क्रोएशियात हायडुक स्प्लिट, मग इस्राएल. कोचीला उतरला तेव्हा त्याच्या पायात दहा वर्षांचे खरे सामने होते. तो आपल्यापेक्षा जन्मतः वेगळा नव्हता. त्याच्या पायाखाली प्रत्येक वेळी एक पुढची पायरी होती, एवढंच.

आपल्याकडे खालची पायरी नाही आणि मधलीही आपण काढून टाकली. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. मग पुणे एफसी, भारत एफसी, मुंबई एफसी, डीएसके शिवाजियन्स असे एकेक करून गेले. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटीही गेला आणि त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली. त्याच हैदराबादने २०२१-२२ चं विजेतेपद पटकावलं. कोल्हापूरचा अनिकेत त्या संघात होता. पण त्या संघाचा नंबर नऊ कोण होता? नायजेरियाचा बार्थोलोम्यू ओग्बेचे, हंगामात १८ गोल. मराठी पोरगा फॉरवर्ड म्हणून वर आला आणि वर आल्यावर त्याला बाजूची, विंगची जागा मिळाली. त्यात मी कोचला दोष देत नाही. ज्याची नोकरी पुढच्या तीन सामन्यांवर आहे, तो पंतप्रधान निधीसारखा नव्या पोरावर धीर खर्च करणार नाही.

म्हणूनच परदेशी खेळाडूंवर बंदी हे उत्तरही फसवं आहे. २०२१-२२ पासून मैदानावरच्या परदेशी खेळाडूंची मर्यादा पाचवरून चारवर आणली. क्लबांनी काय केलं? नंबर नऊ परदेशीच ठेवला आणि दुसरीकडची एक जागा भारतीयाला दिली. उद्या शून्यावर आणा. गोल वाढणार नाहीत, फक्त सामने ०-० सुटतील. वरच्या मजल्यावरचं भाडेकरूचं नाव बदलून पाया भरत नाही. आणि वरचा मजला तरी किती भक्कम? जुलै २०२५ मध्ये महासंघ आणि आयोजक कंपनीच्या कराराच्या वादात पुढचा हंगामच स्थगित झाला. ज्या देशात देशातली सगळ्यात मोठी लीग एका कागदावर लटकते, तिथे तालुक्याच्या लीगची कुणाला पडलीय!

मग करायचं काय? करोडोंचं स्टेडियम नको, सेलिब्रिटी मालक नको, निळ्या दिव्यांचं उद्घाटन नको. आठ गावं घ्या: धर्माबाद, उमरी, भोकर, नायगाव, बिलोली, कुंडलवाडी, देगलूर, मुखेड. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्या गावात, एकदा त्यांच्या. ५६ सामने, प्रत्येक संघाला १४. दर रविवारी चार गावांत एकेक सामना. चौदा रविवार. दिवाळीनंतर सुरू केलं तर होळीच्या आधी संपतं, उन्हाळा लागायच्या आत. लागतं काय? चुना, दोन जाळ्या, बरे बॉल, शिट्टी वाजवायला शिकलेला माणूस, आणि सामन्याच्या गावी जायला एक टमटम. टेनिस बॉल क्रिकेटच्या ‘भव्य चषका’ला जो नेता फ्लेक्सवर स्वतःचा फोटो लावतो, त्याच्या एका चषकाच्या बक्षिसात यातलं बरंच काही निघेल. क्रिकेटने खाल्लं म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न हाच आहे: क्रिकेटवाले दर हिवाळ्यात स्पर्धा भरवतात. आपण काय भरवलं?

यावर कुणी म्हणेल, चौदा सामन्यांनी नेव्हिल डिसूझा तयार होतो का? नाही होत. पहिल्या वर्षी तर मुळीच नाही. दहा वर्षं चालवली तर दीडेकशे सामन्यांतून एखादा असा पोरगा निघेल ज्याच्याकडे कोल्हापूरच्या किंवा मुंबईच्या क्लबला बघावंसं वाटेल. आणि नाहीच निघाला, तरी आठ गावांतल्या शेकडो पोरांना आपला गाव दुसऱ्या गावाविरुद्ध खेळताना बघायला मिळेल. ज्याला फुटबॉल आवडतो त्याच्यासाठी एवढं पुरेसं आहे. ज्याला फक्त पदक हवंय, त्याने डिसेंबरमध्ये फोटो शेअर करत राहावं.

तुमच्या गावात हे का होत नाही, हा प्रश्न दिल्लीतल्या महासंघाला विचारायच्या आधी स्वतःच्या फुटबॉल ग्रुपला विचारा. रात्री दीडला लाइन-अपवर भांडणारे तीस-चाळीस जण प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यातल्या अकरांनी बूट घातले तर एक संघ होतो. सामना लागायला दुसऱ्या तालुक्यातले तेवढेच पुरतात.