गंधकाच्या नावावर फाडलेलं बिल

मिरकरवाड्याच्या मासेमारी बंदरात डिझेलचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, 'गंधक काढलं आणि भाव चढला.' माझी उमेदीची वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली. शंभर अंशांच्या वर तापवल्याशिवाय इंजिनात न जळणारं ते काळं तेल मी हाताळलंय, त्यामुळे गंधकाचा मला मुळीच पुळका नाही. पण हा हिशेब चुकीचा आहे.

1 एप्रिल 2020ला बीएस-6 हे प्रदूषणाचं मानक आलं. डिझेलमधलं गंधक दहा लाख भागांत 50 वरून 10 भागांवर उतरलं. पंपावरचंच डिझेल ट्रॉलरच्या टाकीत जातं, म्हणजे बदल आपल्यालाही लागू झाला. (जुने मेकॅनिक या डिझेलला 'सुकं' म्हणतात ते अगदीच खोटं नाही. गंधक काढताना वंगणपणाही जातो, तो वेगळा मिसळावा लागतो.) रिफायनऱ्यांनी गंधक काढण्यावर हजारो कोटी घातले, तरी भाववाढ किरकोळच असेल, असं इंडियन ऑइलचे तेव्हाचे अध्यक्ष सांगत होते. मग महिनाभरातच, मे उजाडताच, केंद्राने डिझेलवरचा कर लिटरमागे 13 रुपयांनी वाढवला. कच्चं तेल तेव्हा मातीमोल झालं होतं, म्हणून तो कुणाला जाणवला नाही. तेल चढल्यावर जाणवला आणि बिल फाटलं गंधकाच्या नावावर.

कर पुढे उतरला, पण मार्च 2022मध्ये त्याहून वाईट झालं. मुंबईत पंपावर डिझेल 94 रुपये, तर घाऊक ग्राहकाला 122. मच्छीमार सोसायट्या या घाऊक खात्यात! त्या 28 रुपयांत गंधक कुठे होतं?

खरा गंधकाचा खर्च जहाजांना पडला. 1 जानेवारी 2020पासून त्यांच्या इंधनातली मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आली आणि सिंगापूरला कमी गंधकाचं तेल टनाला 700 डॉलरच्या वर गेलं. जहाज कंपन्यांनी लगेच कंटेनरवर अधिभार लावला. अर्धा टक्का म्हणजे दहा लाखांत 5,000 भाग. जयगड बंदरात कोळसा आणणाऱ्या जहाजाला आपल्या होडीच्या पाचशे पट गंधक जाळायची मुभा आहे आणि वाढलेला खर्च भाड्यात घालायचीही. गोठवलेली मासळी परदेशी पाठवणारा तो अधिभार भरतो आणि जमेल तेवढा खरेदीच्या भावातून वळता करतो. होडीवाल्याने कुणावर अधिभार लावायचा? त्याचा भाव बंदरावरच्या लिलावात ठरतो. बर्फ, खलाशांचा भत्ता आणि डिझेल यांचे पैसे मात्र मासळी लागो न लागो, द्यावेच लागतात.

त्यामुळे मोर्चा काढायचाच तर बीएस-6वर नको. सोसायट्यांना घाऊक ग्राहकांतून कायमचं वगळा, हे मागा. मच्छीमारांना डिझेलवर मिळणारा विक्रीकराचा परतावा महिनोन्महिने रखडवण्यापेक्षा टाकी भरतानाच वजा करून द्या, हेही. आणि हे पावसाळी बंदीतच व्हायला हवं. 1 ऑगस्टला होड्या सुटतात, तेव्हा हंगामाची पहिली टाकी बहुतेकांना उधारीवरच भरावी लागते.