तेल वाढले, तरी आनंद नको

गाडीतले ऑइल कमी झाले की आपण घाबरतो. पण ऑइल आपोआप वाढले तर? पुष्कळांना वाटते, बरेच झाले, टॉप-अपचा खर्च वाचला. मागच्या महिन्यात आमच्याच दारात असे घडले आणि आम्हांला दोन गोष्टी शिकवून गेले. एक इंजिनची, दुसरी माणसाची.

आमची गाडी बीएस-६ डिझेलची. भाईजान कुवेतला असतात, त्यांनीच ती घरासाठी घेतली. चिपळूणात ती आम्ही वापरतो. मुलांची शाळा, अम्मीचा दवाखाना, बाजार, जुम्याची नमाज. यांतली एकही फेरी पाच-सहा किलोमीटरच्या वर नाही. भाईजान सुट्टीवर यायचे होते. त्यांना आणायला मुंबईच्या विमानतळावर जायचे ठरले आणि अम्मी म्हणाली, मीही येणार.

निघण्याच्या चार दिवस आधी आम्ही डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढून पाहिली. ऑइल वरच्या खुणेच्याही सुमारे एक सेंटिमीटर वर होते. फोनवर भाईजानना सांगितले, तर ते लगेच म्हणाले, "त्या मिस्त्रीने जास्त भरलं असणार. बिलात लिटर वाढवायची त्यांची रीतच असते. तोंडावर सांग त्याला." आम्हीही तावातावाने गॅरेज गाठले.

उस्तादांनी आमचे सगळे ऐकून घेतले आणि शांतपणे विचारले, "भाई, तीन महिन्यांपूर्वी ऑइलचा डबा कोणी आणून दिला होता?"

डबा आम्हीच आणला होता. गाडीच्या पुस्तकात लिहिले आहे तेवढ्याच मापाचा, सीलबंद. तो आमच्यासमोर फोडून आमच्यासमोरच संपला होता. मग वरचे ऑइल त्यांनी आणले कोठून? आमच्याकडे उत्तर नव्हते. मान खाली घालून आम्ही गाडीचे बॉनेट उघडले.

वाचकहो, येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. इंजिन ऑइल बनवत नाही. चालत्या इंजिनात ते थोडे जळते किंवा आहे तेवढेच राहते. पट्टीवर पातळी चढली, तर तीनच शक्यता असतात. भरतानाच जास्त भरले गेले, रेडिएटरचे कूलंट आत शिरले किंवा इंधन आत शिरले. पहिली शक्यता आमच्यासमोरच निकालात निघाली होती.

कूलंटची तपासणी सोपी. इंजिन थंड असताना कूलंटच्या टाकीतली पातळी पाहावी. ती दर आठवड्याला घटत असेल, ऑइल दुधाळ चहासारखे दिसत असेल, तर संशय कूलंटवर जातो. मात्र नुसत्या ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली, तर लगेच घाबरू नये. छोट्या फेऱ्यांत आतला ओलावा उडून जात नाही, त्यानेही अशी साय धरते. आमच्या टाकीतले कूलंट जागच्या जागी होते आणि ऑइल दुधाळ नव्हते. उरले इंधन.

उस्तादांनी पट्टीवरचे ऑइल दोन बोटांत चोळून दाखवले. ते पाण्यासारखे सैल लागत होते. वास घेतला, तर डिझेलचा. मग त्यांनी टिपकागदाच्या तुकड्यावर दोन थेंब शेजारी शेजारी टाकले. एक आमच्या गाडीतला, एक नव्या ऑइलचा. कागद चार-पाच तास सपाट ठेवला. नव्या ऑइलचा डाग एकसारखा पसरला. आमच्या डागात मध्ये काजळीचा काळा ठिपका, भोवती ऑइलचे कडे आणि सगळ्यांत बाहेर फिकट, पातळ असे आणखी एक कडे उमटले. ते बाहेरचे कडे इंधनाचे.

ही परीक्षा घरीही करता येते, पण ती इशारा देते, निकाल नव्हे. आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या. डिझेल गाडीचे ऑइल काजळीने थोड्याच दिवसांत काळे होते, म्हणून रंगावरून काही ठरवू नये. आणि कोणी काडी लावून पाहा म्हटले, तर अजिबात ऐकू नये.

पक्का निकाल प्रयोगशाळेत मिळतो. तेथे ऑइलचा घट्टपणा १०० अंश सेल्सिअसवर मोजतात. ५डब्ल्यू-३० या जातीचे ऑइल या तापमानाला ९.३ सेंटिस्टोक्सच्या खाली उतरले, की ते ३० च्या वर्गातून घसरले असे समजतात. ऑइलची वाफ किती अंशांवर पेट घेते, हेही पाहतात. चांगल्या ऑइलला साधारण २०० अंशांच्या वर जावे लागते. डिझेल किंवा पेट्रोल मिसळले की तो आकडा खाली येतो. नेमके किती टक्के इंधन आहे, ते गॅस क्रोमॅटोग्राफी नावाच्या तपासणीत कळते. घरच्या गाडीला एवढे सहसा लागत नाही, पण वॉरंटीचा वाद असेल तर हा अहवाल उपयोगी पडतो.

आता खरा प्रश्न. डिझेल ऑइलमध्ये आले कसे? उस्तादांनी स्कॅनर लावला. नोझल, म्हणजे इंजेक्टर, ठीक होते. पण धुराच्या जाळीची सफाई पुन्हा पुन्हा सुरू होऊन अर्धवट सुटलेली दिसली.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झाले. तेव्हापासून डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. ती भरली की गाडीचा कॉम्प्युटर इंजिनमध्ये उशिराने जादा डिझेल सोडतो. ते सायलेन्सरच्या वाटेवर जळते, तेथली उष्णता ६०० अंशांच्या आसपास जाते आणि काजळी जळून जाते. यासाठी गाडी काही वेळ एकसारखी पळावी लागते. आम्ही मात्र सफाई सुरू होताच शाळेच्या दारात चावी बंद करत होतो. दर वेळी त्या जादा डिझेलचा काही भाग सिलिंडरच्या भिंतीवरून, रिंगांच्या फटीतून, खाली चेंबरमध्ये उतरत होता. पेट्रोल गरम ऑइलमधून बरेचसे उडून जाते. डिझेल जड, ते तसे सहज उडत नाही, साचत राहते.

म्हणजे दोष मिस्त्रीचा नव्हता, गाडीचाही नव्हता. आमच्या वापराचा होता.

पेट्रोल गाडीतही हा रोग होतो, कारणे थोडी वेगळी. खराब प्लगमुळे एक सिलिंडर नीट पेटत नसेल, इंजेक्टर गळत असेल, किंवा थर्मोस्टॅट उघडाच अडकून इंजिन गरम होत नसेल, तर न जळलेले पेट्रोल खाली उतरते. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत इंजिनला लावलेल्या पेट्रोल पंपाचा पडदा फाटला, की पेट्रोल थेट चेंबरमध्ये जायचे. अशा वेळी पट्टीला पेट्रोलचा वास स्पष्ट येतो. लांबच्या प्रवासात ते उडून जाऊन पातळी एकदम उतरते आणि मालकाला वाटते, गाडी ऑइल पिऊ लागली.

याकडे दुर्लक्ष केले तर काय? पातळ ऑइल बेअरिंगवर टिकत नाही. क्रँक, बेअरिंग, टर्बो झिजतात. डिझेल गाडीत पातळी फार चढली, तर ते ऑइल हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये ओढले जाऊ शकते. मग इंजिन स्वतःचेच ऑइल जाळत भरधाव फिरू लागते आणि चावी बंद केली तरी थांबत नाही. अम्मीला मागच्या सीटवर बसवून आम्ही ती गाडी कशेडीच्या चढाला लावणार होतो, हे आठवले की आजही अंगावर काटा येतो.

उपाय काय केला? वरचे ऑइल काढून खुणेपर्यंत आणले, की झाले, असे नव्हे. उरलेलेही पातळच असते. उस्तादांनी सगळे ऑइल आणि फिल्टर बदलले. पुस्तकात सांगितलेले कमी राखेचे, डीपीएफला चालणारेच ऑइल भरले. मग महामार्गावर अर्धा तास एकसारखी गाडी चालवून जाळीची सफाई पूर्ण होऊ दिली आणि परतल्यावर पातळी पुन्हा पाहिली. बरोबर खुणेवर होती. काढलेले ऑइल त्यांनी गटारात ओतले नाही, जुने ऑइल नेणाऱ्याच्या पिंपात भरले. तेही ध्यानात ठेवण्याजोगे.

चार दिवसांनी आम्ही मुंबईला सुखरूप गेलो आणि भाईजानना घेऊन परतलो. दुसऱ्या दिवशी ते स्वतः गॅरेजवर गेले. "उस्ताद, फोनवर मी तुमच्याबद्दल वाईट बोललो, माफ करा," म्हणाले. उस्तादांनी चहा मागवला आणि विषय बदलला. आमच्यावर शरमेची पाळी आली ती पट्टी नीट न वाचता माणसाला चोर ठरवल्यामुळे.

आता डॅशबोर्डच्या कप्प्यात एक छोटी वही ठेवली आहे. दर दुसऱ्या जुम्याला सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी, सपाट जागेवर पट्टी पुसून, पुन्हा घालून पाहतो. तारीख, किलोमीटर, ऑइलची पातळी, कूलंटची पातळी, एवढेच लिहितो. पंधरवड्यातून एकदा गाडी महामार्गावर नेऊन गरम होऊ देतो. जाळीचा दिवा लागला, तर सफाई होईपर्यंत थांबत नाही. वाचकांनीही अशी वही ठेवावी. पातळी दोन नोंदींत लागोपाठ वर चढलेली दिसली, तर लांबचा प्रवास थांबवावा आणि गाडी दाखवावी. मिस्त्रीशी भांडायला मात्र जाऊ नये, वही घेऊन जावे.