हृदयाचे स्कॅन आणि कामगाराचा हक्क

शहरांतील खासगी तपासणी केंद्रे आज हृदयाच्या स्कॅनची पॅकेजेस विकत आहेत. काही त्रास नसला तरी स्कॅन करून घ्या, असा त्यांचा आग्रह असतो. मुकुटबनच्या सिमेंट कारखान्यात, कोळशाच्या खाणीत, कपाशीच्या शेतात राबणाऱ्या आमच्या माणसाने मजुरीचे पैसे त्यात घालावेत काय?

आधी हे स्कॅन समजून घेऊ. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या धमन्यांत साचलेले कॅल्शियम सीटी यंत्र मोजते. त्याला गुण देण्याची पद्धत अमेरिकेतील डॉ. आर्थर अगॅटस्टन व सहकाऱ्यांनी १९९० साली मांडली. गुण शून्य आले तर पुढील काही वर्षे झटक्याचा धोका बराच कमी. १०० च्या वर गेले तर कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांचा विचार करावा लागतो. ४०० च्या वर धोका मोठा. त्रास नाही, धोका मध्यम आहे आणि गोळ्या घ्याव्यात की नाही हे ठरत नाही, अशा माणसालाच हे स्कॅन खरे उपयोगी. मऊ चरबीचा थर त्यात दिसत नाही. म्हणून तरुण वयात शून्यावर विसंबू नये. छातीत दुखून घाम फुटला, तर स्कॅन नव्हे, तातडीने ईसीजी आणि रुग्णालय हाच मार्ग!

मग आमची मागणी काय? स्कॅनच्या आधीची पायरी. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल यांची नियमित तपासणी आणि खर्रा-विडी सोडविण्यासाठी मदत. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना अँजिओप्लास्टी, बायपासचा खर्च उचलते. पण तो रुग्ण दाखल झाल्यावर. झटक्याआधीच्या माणसाचे काय?

बाबासाहेब मजूरमंत्री असताना, १९४३ साली, कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. अडारकरांकडे सोपविले गेले. त्यातूनच पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. आजारी पडण्याआधीच कामगाराचा विचार करणारी ती दृष्टी होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी चाळिशीपुढील कामगारांच्या वार्षिक मोफत आरोग्य तपासणीची जबाबदारी मालकावर टाकली आहे. कंत्राटी कामगार त्यातून सुटता कामा नये.

मुकुटबनच्या बांधवांनो, पॅकेजच्या जाहिरातीला भुलू नका. कारखान्याच्या दारात ही तपासणी मागा, तिचा अहवाल लेखी मागा. ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे.